वीणेला कितीची तार?

गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की वीणा उभी राहते. सात दिवस, रात्रंदिवस, पहाऱ्याने विणेकरी बदलत जातात. वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, पण खाली टेकत नाही. आणि नेमके कीर्तनाच्या आधी, पेटीवर सूर मिळवताना, तार तुटते. मग कोणाला तरी तालुक्याला पिटाळले जाते. दुकानात तो एकच प्रश्न विचारतो : ‘‘ही सारखी तुटते. आता जरा जाडच लावू का?’’

हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न नवा नाही. कयाधू नदीकाठचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि त्यांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले ते औंढा नागनाथला, असे परंपरा सांगते. सेनगावपासून वसमतपर्यंत वीणा नसलेले भजनी मंडळ शोधावे लागेल. वीणा सगळीकडे आहे. मात्र तिला तार कशी निवडावी, हे सांगणारा माणूस मोजक्याच गावांत सापडतो.

प्रश्नाचे थोडक्यात उत्तर ‘नाही’ असे आहे. जाड तार लावल्याने तुटणे थांबत नाही, उलट वीणेवरचा भार तेवढा वाढतो. असे का होते, हे एकेक पायरीने पाहू.

१. सूर तीन गोष्टींवर ठरतो

ताणलेली तार छेडली की ती थरथरते. सेकंदाला जितक्या वेळा थरथरेल तितका सूर उंच. हा आकडा तीन गोष्टी ठरवतात : तारेची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचे वजन. लांब तार खालचा सूर देते, आखूड तार वरचा. खुंटी पिळून ताण वाढवला की सूर चढतो. जड तार सावकाश हलते, म्हणून तिचा सूर खाली राहतो.

यातला ताणाचा हिशेब थोडा फसवा आहे. सूर दुप्पट उंच, म्हणजे एक सप्तक वर, न्यायचा तर ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई हे ल्यूटवादक होते. सोळाव्या शतकात त्यांनी तारांना वजने टांगून हे पडताळले. पुढे १६३६ मध्ये मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने लांबी, ताण आणि वजन या तिन्हींचे नियम एकत्र मांडले. आजही तार बनवणारा प्रत्येक कारखाना याच नियमांवर चालतो.

२. आधी लांबी, मग पट्टी

वारकऱ्यांची वीणा घडणीने लहान तानपुराच आहे : खाली भोपळा, वर दांडी, चार खुंट्या, चार तारा. तारा भोपळ्याच्या तळाशी लंगोटाला अडकवलेल्या असतात. तिथून त्या तबलीवरच्या घोडीवर येतात आणि दांडीच्या टोकाजवळच्या बारीक आडव्या कडेवरून, म्हणजे अटीवरून, खुंटीकडे जातात. लंगोट ते खुंटी हे सगळे अंतर वाजत नाही. वाजते ते घोडी आणि अटी यांच्यामधले. टेप लावायची ती या दोन टोकांना. मोठ्या पुरुषी तानपुऱ्यात हे अंतर ९० सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरते, गळ्यात घालायच्या वीणेत बरेच कमी.

दुसरी गोष्ट पट्टी. पेटीच्या ज्या पट्टीला गायक ‘सा’ मानतो ती त्याची पट्टी. काळी एक म्हटले की पुरुषी तानपुऱ्याच्या ‘सा’त लावलेल्या मधल्या दोन तारा सेकंदाला साधारण १३९ कंपने करतात, काळी चारला साधारण २०८. कीर्तनात उंच पट्टीला मागणी असते. टाळ-पखवाजाच्या गजरातून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, तर अनेक कीर्तनकार काळी एकवर थांबत नाहीत.

लांबी आणि पट्टी हे दोन आकडे हातात नसतील, तर तारेची निवड म्हणजे निव्वळ अंदाज.

३. नंबर उलटा चालतो

दुकानात तार नंबराने मिळते : २४, २६, २८, ३०, ३२. नंबर जितका मोठा, तार तितकी बारीक. नवख्याची इथे हमखास गल्लत होते, आणि जाड हवी म्हणून तो मोठा नंबर मागतो.

उलटेपणाचे कारण तार ओढण्याच्या पद्धतीत आहे. धातूची कांब एकाहून एक लहान भोकांतून ओढत नेली की ती बारीक होत जाते. जितक्या जास्त वेळा ओढली, तितका नंबर वाढला. वेगवेगळ्या कारखान्यांचे नंबर वेगळे असल्याने इंग्लंडने १८८४ मध्ये एक प्रमाण कायद्याने ठरवले, आणि ते आपल्याकडेही रुजले. त्या मापाने २४ नंबर म्हणजे ०.५६ मिलिमीटर, २६ म्हणजे ०.४६, २८ म्हणजे ०.३८, ३० म्हणजे ०.३२ आणि ३२ म्हणजे ०.२७ मिलिमीटर. काही पाकिटांवर नंबराऐवजी थेट मिलिमीटर छापलेले असतात. तसे असेल तर तेच बघावे, त्यात घोटाळा होत नाही.

४. चार तारांचा हिशेब

उदाहरणादाखल ९० सेंटिमीटरचा तानपुरा घेऊ, पट्टी काळी एक. चार तारा लागतात त्या अशा : पहिली मंद्र पंचमात, मधल्या दोन षड्जात (यांनाच जोड म्हणतात) आणि चौथी त्याखालच्या सप्तकातल्या षड्जात, म्हणजे खर्जात.

जोडीला ३० नंबरची पोलादी तार लावली तर प्रत्येकीवर सुमारे ३.९ किलोचा ताण येतो. पंचम त्यापेक्षा खालचा सूर, म्हणून तिथे थोडी जाड, २८ नंबरची पोलादी तार, तिच्यावर ३.१ किलो. खर्जाला २४ नंबरची पितळी तार; तिच्यावर ३.३ किलो. चारही तारा तीन ते चार किलोंच्या दरम्यान आल्या. बोट एकीवरून दुसरीवर जाताना सारखाच विरोध लागतो आणि चौघींचा आवाज एकमेकींत मिसळतो. जुळलेला संच म्हणतात तो हा.

आता याच तानपुऱ्याला खर्जासाठीही जोडीचीच ३० नंबरची पोलादी तार लावून पाहू. सूर एक सप्तक खाली, म्हणजे ताण चौथाई : जेमतेम एक किलो. तार लोंबेल, छेडली की घोडीवर फटफटेल. घाईत एकाच रिळातून चारही तारा चढवलेल्या वीणेचा खर्ज ऐकू येत नाही, तो यामुळे.

५. जाड तार वाचवत का नाही

आता मूळ प्रश्न. त्याच तानपुऱ्याला, त्याच पट्टीला प्रत्येक तार दोन नंबर जाड लावली : पंचमाला २६, जोडीला २८, खर्जाला २२. चार तारांचा एकूण ताण १४ किलोंवरून २१ किलोंवर जातो.

तार जाड झाली म्हणजे तिची ताकद वाढली, हे खरे. पण ती जडही झाली, म्हणून त्याच सुरात आणायला तिला त्याच प्रमाणात जास्त ओढावे लागते. वसमतच्या मोंढ्यात एक हमाल हळदीचे एक पोते उचलतो. हमाल दोन केले आणि पोतीही दोन केली, तर कोणाच्याच पाठीवरचे ओझे हलके होत नाही. जाड तार म्हणजे शेजारी शेजारी उभ्या केलेल्या अनेक बारीक तारा. प्रत्येकीच्या वाट्याला ओढ तेवढीच येते. धातू तोच, लांबी तीच आणि पट्टी तीच असेल, तर तुटण्यापासूनचे अंतर जाडीने बदलत नाही. उलट बारीक ओढलेले पोलाद आकाराच्या मानाने किंचित जास्तच बळकट असते.

जाड तारेचा सगळा वाढीव भार जातो वीणेवर : खुंटी घसरते, दांडी हळूहळू पुढे वाकते, तबली घोडीखाली दबते. तार तुटली तर काही रुपयांत नवी येते. तबली खचली तर वीणा कारागिराकडे न्यावी लागते.

मग तार तुटते कशाने? बहुधा पट्टीने. काळी एकसाठी लावलेला संच काळी चारला चढवला की जोडीच्या एकेका तारेवरचा ताण ३.९ वरून पावणेनऊ किलोंवर जातो, सव्वादोन पट. चारही तारा मिळून ३२ किलो. नवी पोलादी तार हे सोसते. गंजलेली किंवा मुडपलेली तार सोसत नाही.

यावर उपाय दोन. एक म्हणजे उंच पट्टीला आखूड वीणा. लांबी ९० ऐवजी ७० सेंटिमीटर असेल, तर काळी चारला ३२ नंबरच्या पोलादी तारेवर सुमारे ४ किलोच ताण येतो, म्हणजे पुन्हा जुळलेल्या संचाच्या आसपास. दुसरा उपाय म्हणजे ज्या मंडळाकडे खालच्या आणि उंच अशा दोन्ही पट्ट्यांचे गायक येतात, त्याने दोन वीणा वेगवेगळ्या संचांनी लावून ठेवाव्यात.

जाड तारेच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. ती छेडली की आवाज भरघोस येतो. भोपळा मोठा आणि दांडी भक्कम असेल, तर एक नंबर जाड जायला हरकत नाही. त्यापुढे मात्र जाऊ नये.

६. पोलाद कुठे, पितळ कुठे

पितळ पोलादापेक्षा जड आहे, पण ताकदीने बरेच कमी. खर्जाला वजन हवे असते आणि ओढ कमी लागते, म्हणून तिथे पितळ किंवा ब्राँझ शोभते : आवाज गोल, ऊबदार. जोडीला पितळ लावले तर काळी एकलाच ते आपल्या मर्यादेच्या जवळ जाते, आणि काळी चारला पोहोचण्याआधी तुटते. खालच्या पट्टीचे काही गायक पहिल्या तारेलाही पितळ किंवा ब्राँझ वापरतात. पंचम जोडीच्या खाली असल्याने ते चालते. जोडीला मात्र पोलादच.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात येते. मराठवाड्यात पारा चाळिशीपुढे जातो. दुपारी मंडपात सुरात लावलेली वीणा पहाटे काकड्याला चढलेली सापडते. दुपारी तापून सैल झालेल्या तारा रात्रीच्या गारव्यात आखडतात. सर्वांत जास्त हलतो तो खर्ज, कारण पितळ उष्णतेने पोलादापेक्षा जास्त पसरते आणि सूर खालचा असल्याने जाडीच्या मानाने त्या तारेतली ओढही मुळात कमी असते. वीणा बिघडली असे समजून खुंट्या ठोकू नयेत. पुन्हा सुरात लावली की झाले.

७. तुटलेली तार फेकण्याआधी

तुटलेली तार कुठे तुटली ते बघितले तर अर्धे निदान तिथेच होते.

खुंटीच्या भोकाजवळ तुटली, तर तार अडकवताना ती तीक्ष्ण मुडपली असणार. पक्कडीने दाबून वळवलेल्या तारेचा तो वळणबिंदूच आधी हार खातो. तार भोकातून काढून दोन-तीन वेढे सावकाश, एकाशेजारी एक, एकमेकांवर न चढवता घ्यावेत.

अटीजवळ किंवा घोडीवर तुटली, तर तिथली कड धारदार झाली आहे किंवा खाच खोल गेली आहे. अशा वीणेला कितीही चांगली तार लावा, ती आठवड्यात तुटेल. नख फिरवून खरखर लागते का पाहावे आणि लागली तर कारागिराकडून घासून घ्यावी.

मधेच तुटली आणि टोकाशी तपकिरी ठिपके दिसले, तर तो गंज. पहाऱ्यात माणसे बदलतात, प्रत्येकाच्या बोटाचा घाम तारेवर राहतो, आणि घामातले मीठ पोलाद खाते. पहारा बदलताना कोरड्या सुती फडक्याने तार वरपासून खालपर्यंत पुसली, तर तिचे आयुष्य सहज वाढते. सप्ताह संपल्यावर वीणा खोळीत घालण्यापूर्वी तारा थोड्या उतरवाव्यात. पूर्ण सैल सोडू नयेत.

चारही तारा बदलायच्या असतील तर एक काढून तिच्या जागी नवी लावावी, मग दुसरी. सगळ्या एकदम काढल्या की तबलीवरचा दाब अचानक जातो आणि घोडी जागेवरून सरकते.

८. घोडी आणि मिरज

तार बरोबर निवडूनही वीणा बोलत नसेल, तर दोष घोडीकडे असू शकतो. तानपुऱ्याची घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी धारदार नसते. तिचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो, आणि थरथरणारी तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते. त्यातून निघणारे गुंजन म्हणजे जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवले की अशा घोडीवर, नेहमीच्या नियमाने जे उपस्वर वाजायला नकोत, तेही स्पष्ट वाजतात. घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकवलेला सुताचा धागा ही टेकणी नेमकी करतो. तारेचा नंबर बदलला की तार घोडीवर टेकण्याची जागा बदलते. म्हणून नव्या तारेनंतर तो धागा पुढे-मागे सरकवून पुन्हा बसवावा लागतो. तार नवी, धागा जुन्याच जागी आणि आवाज बसका, असे झाले तर तारेला दोष देऊ नये.

जवारी काढणे मात्र हातच्या माणसाचे काम. महाराष्ट्रात त्याचे माहेरघर मिरज. तिथे एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि पुढच्या पिढ्यांनी तो धंदा वाढवला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

९. तोच हिशेब युकुलेलीला

आता मुलांच्या हातात युकुलेली दिसते, आणि घरातली वीणेची तार तिला लावून बघण्याचा मोह होतो. तो टाळावा.

युकुलेलीचे मूळ पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे. १८७९ मध्ये तिथले कामगार हवाईला गेले, त्यांच्यातल्या सुतारांनी आपले छोटे तंतुवाद्य तिथल्या लाकडात घडवले. पूर्वी तिला आतड्याच्या तारा असत, आता नायलॉनच्या किंवा फ्लुओरोकार्बनच्या असतात. टेनर आकारात वाजणारी लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, आणि सर्वांत उंच तार सेकंदाला ४४० कंपनांवर लागते. तिथे नायलॉनच्या तारेवर सहा किलोंच्या आसपास ताण असतो. त्याच जागी वीणेची ३० नंबरची पोलादी तार चढवली तर एकट्या तारेचा ताण नऊ किलोंच्या घरात जातो. पातळ लाकडाची, नुसती सरसाने चिकटवलेली घोडी तो सोसत नाही, ती उखडते.

नायलॉन की फ्लुओरोकार्बन? फ्लुओरोकार्बन, जे मासेमारीच्या दोरातही वापरतात, नायलॉनपेक्षा दीडपटीहून जड असते. म्हणून त्याच ताणाला तार सुमारे वीस टक्के बारीक लागते आणि आवाज स्वच्छ, टोकदार येतो. नायलॉन मऊ आणि गोल वाजते. चौथी तार, ‘जी’, दोन प्रकारे लागते : वरच्या सप्तकात किंवा खालच्या. खालच्या ‘जी’साठी वेगळी, जड तार घ्यावी लागते. उंच ‘जी’ची तार उतरवून ती चालत नाही, कारण एक सप्तक खाली आल्यावर तिच्यातही चौथाईच ताण उरतो. पाकिटावर ‘टेनर’ लिहिले आहे का आणि ‘जी’ वरची की खालची, या दोन गोष्टी बघितल्या की निवड पुरी होते. नव्या तारा काही दिवस ताणल्या जातात, तोवर रोज सुरात लावाव्या लागतील.

१०. दुकानात जाण्यापूर्वी

घोडी ते अटी हे अंतर मोजून कागदावर लिहावे. मंडळ बहुतेक वेळा कोणत्या पट्टीत गाते ते लिहावे. चारही जुन्या तारांचे तुकडे, तुटलेला धरून, प्रत्येकावर तिची जागा लिहून सोबत न्यावेत. दुकानदाराकडे मायक्रोमीटर असेल तर जाडी तिथेच मोजता येते, नसेल तर नव्या तारेशी बोटाने ताडून पाहावी. मग ‘वीणेची तार द्या’ एवढेच न म्हणता ‘जोडीसाठी ३० नंबर पोलादी दोन, पंचमाला २८ पोलादी, खर्जाला २४ पितळी’ असे मागावे. लांबी आणि पट्टी वेगळी असेल तर आकडे त्याप्रमाणे. आणि सप्ताहाच्या आदल्या दिवशी जोडीच्या दोन तारा जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात, कारण चारांपैकी सर्वांत जास्त ओढ सोसतात त्या याच दोन.